४,२९,४९,६७,२९७ ह्या संख्येचे विभाजक

दोनाच्या ३२ व्या घातात एक मिळविला असता ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. फ्रेंच गणिती फर्मा ह्याने १६४० मध्ये असे मत मांडले की, ज्याचा घातांक स्वतः दोनाचाच घात आहे अशा दोनाच्या घातात एक मिळविल्यास येणारी संख्या नेहमी अविभाज्य असते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ ह्या संख्या तशा आहेतच. प्रस्तुत संख्या त्यांच्या पुढची. सिद्धता आपणांस सापडली नाही, हे फर्माने मान्य केले होते. १७३२ मध्ये ऑयलरने ह्या संख्येस ६४१ ने निःशेष भाग जातो असे दाखविले, आणि ते अनुमान कोसळले.

६४१ हाती कसा लागतो? ‘प’ हा ह्या संख्येचा एखादा अविभाज्य विभाजक माना. दोनाच्या ३२ व्या घातास प ने भागल्यास बाकी उणे एक राहते; अर्थात ६४ व्या घाताची बाकी एक. ज्या लघुतम घाताची बाकी एक येते त्याचा घातांक ६४ चा विभाजक असतो. तो ६४ हून लहान असता तर ३२ चाही विभाजक झाला असता व ३२ व्या घाताची बाकीही एक आली असती. म्हणून तो ६४ च होय. आता फर्माच्याच प्रसिद्ध प्रमेयानुसार (प – १) व्या घाताची बाकी एक असते. तेव्हा प – १ ह्यास ६४ ने भाग गेलाच पाहिजे. अशा अविभाज्य संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकारास उत्तर! हत्यार फर्माच्याच घरचे असता एवढे भागाकार त्याच्या हातून निसटावेत, ह्याचे नवल वाटते.

पडताळा तर भागाकाराविनाही होतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ अधिक १. तसेच ६२५ अधिक १६. पहिल्यावरून, ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, ह्या गुणाकारास ६४१ ने भागल्यास बाकी एक. दुसऱ्यावरून ५ च्या चौथ्या घाताऐवजी उणे १६ घेता येतात. मग तोच गुणाकार उणे २ चा ३२ वा घात होतो. दोन्ही ताडून पाहता २ चा ३२ वा घात अधिक १ ह्यास ६४१ ने भाग जातो. दुसरा अवयव ६७,००,४१७, तोही अविभाज्यच.

ह्या निकालाचा भूमितीशीही संबंध आहे. गाऊसने १७९६ मध्ये १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी व कंपासाने काढता येतो असे सिद्ध केले. पुढे १८३७ मध्ये वाँत्सेलने ह्या रचनांची मर्यादा निश्चित केली. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या भिन्न अविभाज्य संख्यांचा गुणाकार असावी लागते. ज्ञात पाचही संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे आपल्या संख्येहून बरोबर दोन कमी. इतक्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो. दोन बाजू वाढविताच तो अशक्य होतो.

ह्या मालिकेत सहावी अविभाज्य संख्या अद्याप आढळलेली नाही. दोनाच्या २० व्या व २४ व्या घाताइतका घातांक असलेल्या संख्या विभाज्य आहेत हे सिद्ध झाले असले, तरी त्यांचा एकही विभाजक कोणास ठाऊक नाही.