युद्धानंतरची मॅरेथॉन

22 ऑगस्ट 1920. बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या रस्त्यांवर मॅरेथॉन धावले, तेव्हा ते शहर जर्मन ताब्यातून सुटून दोन वर्षंही झाली नव्हती. महायुद्धाने 1916चं बर्लिन ऑलिंपिक गिळलं होतं. बेल्जियमने जे सोसलं, त्याचा मान म्हणून 1920च्या ऑलिंपिकचं यजमानपद अँटवर्पला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरची धाव पाहून उद्योगपती दोराबजी टाटांनी ऑलिंपिकला खेळाडू पाठवण्याचा ध्यास घेतला आणि भारताचा पहिला संघ इथवर पोहोचला. अंतर 42.75 किलोमीटर, आजच्या मॅरेथॉनहून अर्धा किलोमीटर जास्तच. चौगुले 19वे आले. वेळ 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. केवढी मोठी कामगिरी! विजेते फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन. 1912ला तीन सुवर्णपदकं जिंकलेल्या या धावपटूची ऐन उमेदीची वर्षं युद्धकाळातच सरली होती.