हौदातला गप्पी, ओढ्यातला गप्पी

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात नळाला पाणी आलं की आधी हौद भरायचा, मग रांजण, मग बॅरल. पाणी उद्या येईलच याचा भरवसा नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला नेमकं असंच पाणी लागतं: घरालगतचं, स्वच्छ आणि न हललेलं. त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून हौद नुसता उपसून भागत नाही, घासावा लागतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यावरूनच आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ ठरला. पण दुष्काळी गावात भरलेला हौद कोण ओतून देणार?

तिथे गप्पी मासा कामाला येतो. आशाताई पिशवीतून मासे घेऊन आल्या की घरातली आजी हमखास कुरकुरते, ‘अगं बाई, वापरायच्या पाण्यात मासे?’ तिने जरा वाकून बघावं. डासाची अळी श्वासासाठी शेपटाकडची नळी पाण्याच्या पृष्ठाला लावून उलटी लटकते. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला उघडतं आणि तो पोहतोही पृष्ठालगतच. अळी आयतीच तोंडाशी येते.

हा मासा पोइसिलिया या प्रजातीतला. ब्लॉख आणि श्नायडर यांनी 1801 मध्ये ही प्रजाती नोंदवली. तिचं माहेर अमेरिका खंडात. यातले कित्येक मासे गोड्या पाण्यात राहतात तसे खाडीच्या मचूळ पाण्यातही. काचपेटीतली मॉली याच घराण्यातली. तिची एक बहीण, ॲमेझॉन मॉली, तर सगळ्या माद्याच. आईची हुबेहूब नक्कल असलेल्या मुली जन्माला घालणारी. गप्पीचं शास्त्रीय वर्णन पीटर्स यांनी 1859 मध्ये व्हेनेझुएलातल्या माशांवरून केलं. नाव मात्र चिकटलं ते त्रिनिदादच्या आर. जे. लेचमियर गप्पी यांचं. भारतात तो 1910च्या सुमारास आला.

गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच देतो, साधारण महिन्याला एक वेत. मादी नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते, म्हणजे एकटी गाभण मादीसुद्धा नवी वस्ती उभी करू शकते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी हे करून दाखवलं. प्राणवायू कमी असलेल्या घाण पाण्यातही तो तग धरतो. सिमेंटच्या हौदात हे सगळे गुणच.

ओढ्यात तेच गुण अंगाशी येतात. कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांवर 1839च्या सुमारास लिहिलं, तेव्हा खुद्री, कोलस, पोटैल अशी नावं त्यांनी शास्त्रात नेली. कृष्णेचं खोरं अशा देशी माशांचं आहे, आणि कोयना-चांदोलीचे ओढे तर 2012 पासून जागतिक वारशात मोडतात. तिथे भूक मोठी आणि पिल्लावळ त्याहून मोठी असलेला पाहुणा कशाला? शिवाय गप्पीमुळे डास आटोक्यात येतात याचा पुरावाच तोकडा असल्याचं 2016 मध्ये काही शास्त्रज्ञांनी मांडलं. ओढ्यापुरतं तरी ते मला पटतं. ओढ्यात अळी पानांत, गवतात लपते आणि माशाला खायला दुसरंही पुष्कळ मिळतं.

द्वीपकल्पातला देशी अळीभक्षक मासा, ॲप्लोकाइलस, आहेच की. पण तो पाणवनस्पतींवर अंडी घालतो. नुसत्या हौदात त्याची पैदास होणं अवघड, म्हणून आरोग्यखात्याला गप्पी सोपा पडला. ही निवड मी चूक म्हणणार नाही. ‘विहीर, डबकं, ओढा, सगळीकडे सोडा’ हा उत्साह मात्र नको.

त्यात सांगलीची अडचण वेगळीच. 2005, 2019, 2021, या तिन्ही पुरांत कृष्णा घरांत शिरली. असं पाणी चढलं की हौद आणि नदी यांत भिंत उरत नाही. नदीकाठच्या गावांनी पावसाळ्याआधी हौदावर घट्ट बारीक जाळी ताणून बसवावी. खर्च किरकोळ, गप्पीही बाहेर जात नाही. आणि जाळी खरोखर घट्ट असेल तर डासाची मादीही आत शिरत नाही. मग त्या हौदात मासा सोडायचं कारणच राहत नाही.