मोरो तरवारींवरील नक्षी

फिलिपाइन्सच्या दक्षिणेस मिंडानाव हें मोठें बेट आणि सुलूचा द्वीपसमूह आहे. तेथील मुसलमान जमातींस ‘मोरो’ म्हणतात. हें नांव मूळचें त्यांचें नव्हे. सोळाव्या शतकांत या बेटांवर आलेल्या स्पॅनिश लोकांनीं, स्वदेशीं ज्या मूर मुसलमानांशीं त्यांचें वैर होतें, त्यांचेंच नांव या जमातींस दिलें. सुमारें तीनशें वर्षें स्पेनशीं आणि पुढें अमेरिकेशीं झुंजणाऱ्या या लोकांची तरवार परदेशांत क्रौर्याची खूण म्हणून गाजली. परंतु त्याच तरवारीवरील नक्षी लक्षपूर्वक पाहिली, तर निराळाच इतिहास हातीं लागतो.

या तरवारींत ‘क्रिस’ प्रमुख होय. जावा बेटांतील क्रिस म्हणजे भोसकण्याची कट्यार. मोरो कारागिरांनीं तिचीच वार करण्याजोगी रुंद, दुधारी तरवार बनविली. तिचें पातें कधीं सरळ, कधीं नागमोडी, तर कधीं मुठीकडे नागमोडी आणि टोंकाकडे सरळ असतें. ‘नागमोडी’ हा मराठी शब्द येथें अक्षरशः लागू पडतो. जावाकडील समजुतीप्रमाणें वळणांचें पातें म्हणजे चालता नाग आणि सरळ पातें म्हणजे निजलेला नाग. मिंडानावचे मारानाव कारागीरहि या आकृतीस ‘नागा’च म्हणतात. हा शब्द संस्कृतांतला. इस्लाम तेथें रुजण्यापूर्वींच तो भारतांतून समुद्रमार्गानें पूर्वेकडील बेटांत पोंचला होता.

पुढें सुलूंत पंधराव्या शतकांत सुलतानांची सत्ता स्थापन झाली. प्राण्यांच्या आकृति काढणें नव्या धर्मास रुचणारें नव्हतें. तेव्हां कारागिरानें नागाचें डोकें वळणदार कोंबांत आणि शेपूट वेलींत मिळवून टाकली. मारानाव लोक या नक्षीस ‘ओकिर’ म्हणतात, तर सुलूचे ताउसुग लोक ‘उक्किल’. पानें, वेली आणि वर चढणारा नेचा हे तिचे नेहमींचे घटक. लानाव सरोवराकांठच्या सरदारांचे ‘तोरोगान’ नांवाचे वाडे आहेत. त्यांच्या बाहेर आलेल्या तुळयांच्या टोंकांवरहि हीच नक्षी कोरलेली असते. सारांश, नाग नाहींसा झाला नाहीं. तो वेलींत लपला. कांहीं पात्यांवर तर त्याच्या शेजारीं अरबी अक्षरेंहि आढळतात.

कांहीं क्रिसांच्या पात्यांवर चांदीचें किंवा पितळेचें जडावकाम असतें. त्याची रीत साधी, पण हात कसलेला हवा. पोलादांत बारीक चर कोरावयाचा आणि तो तळाशीं किंचित् रुंद ठेवावयाचा. त्यांत मऊ धातूची तार ठोकून बसवावयाची आणि वरून घासून सपाट करावयाची. ठोकलेली तार तळाशीं पसरून अडकते, म्हणून ती सहसा निसटत नाहीं. मुठींतहि असेंच कौशल्य दिसतें. ‘बारोंग’ या पानाच्या आकाराच्या तरवारीची मूठ काकाकुव्याच्या डोक्यासारखी, तर ‘कांपिलान’ या लांब तरवारीची मूठ आ वासलेल्या जबड्यासारखी असते.

असलें शस्त्र भिंतीवर टांगलेलें पाहून, क्रिसचीं वळणें म्हणजे मारलेल्या शत्रूंची मोजदाद असावी, अशी कल्पना सहज सुचते. परंतु वळणें पातें घडवितांनाच पाडतात. पुढें त्या तरवारीनें किती माणसें मरणार, हें लोहारास कोठून ठाऊक असणार?

अशा कल्पनांस जागा मिळते, कारण वस्तु आणि तिचा अर्थ जाणणारीं माणसें यांची फारकत झाली आहे. १९०६ सालीं सुलूंतील बुद दाहो डोंगरावर अमेरिकन सैन्यानें बायकामुलांसह शेंकडों मोरोंस ठार केलें. त्या काळच्या मोहिमांतून कित्येक तरवारी आठवणीची वस्तु म्हणून अमेरिकेंत गेल्या. २०१७ सालीं मारावी शहरांत पांच महिने लढाई चालली. तींत घरें जमीनदोस्त झालीं आणि त्यांबरोबर कित्येक घराण्यांच्या पिढीजात वस्तुहि गेल्या.

परदेशीं गेलेली तरवार कांचेच्या कपाटांत सुरक्षित राहील. परंतु तिच्यावरील वेल म्हणजे नाग आहे, हें सांगणारें माणूस कपाटांत ठेवतां येत नाहीं. पाहणारानें धारेइतकेंच लक्ष त्या वेलीकडे दिलें, तर तरवारीमागील माणूस त्यास दिसूं लागेल.