सर्फस्केटिंग

समुद्राच्या लाटेवर फळीच्या साह्याने घ्यावयाच्या वळणांचे जमिनीवर अनुकरण करणारा क्रीडाप्रकार. त्यासाठी वापरावयाची चाकांची फळी वरकरणी नेहमीच्या स्केटबोर्डसारखीच दिसते. तथापि तिचे पुढचे टोक डावी-उजवीकडे पुष्कळ अधिक वळू शकते. त्यामुळे पायाने जमिनीला रेटा न देता, केवळ शरीराच्या लयबद्ध हालचालीने स्वाराला सपाट जागेवरही वेग घेता येतो व टिकविता येतो. नवशिक्याला साधावयाचे मुख्य कौशल्य हेच होय.

स्केटबोर्डचा उगमच मुळी सर्फिंगमध्ये आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९५० च्या सुमारास समुद्र शांत असलेल्या दिवशी सर्फर मंडळी लाकडी फळीला रोलर स्केटची चाके ठोकून पदपथांवरून फिरू लागली. आरंभीची चाके धातूची, पुढे भाजलेल्या मातीसारख्या मिश्रणाची असत. ती लहानशा खड्यावरही अडत व स्वार फेकला जाई. १९७०–८० या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके प्रचारात आणल्यावर चाकाची जमिनीवरील पकड सुधारली आणि तीव्र वळणे शक्य झाली. हवाईचा सर्फर लॅरी बर्टलमन याची लाटेला हात टेकवून खाली झुकून वळण्याची पद्धत कॅलिफोर्नियातील झेफर संघाच्या मुलांनी डांबरी रस्त्यावर उतरविली. डेल मार येथील १९७५ च्या स्पर्धेत ती प्रथम मोठ्या समुदायासमोर आली. त्यानंतर मात्र स्केटबोर्डिंग उड्यांच्या व कसरतींच्या दिशेने गेले. लाटेशी तुटलेला हा दुवा पुन्हा जोडण्याचे श्रेय ग्रेग फॉक व नील कार्व्हर यांना द्यावे लागते. लॉस अँजेल्समधील व्हेनिस येथे त्यांनी १९९६ च्या सुमारास पुढच्या चाकांसाठी नवी जोडणी बनविली.

चाकांचा आस धरून ठेवणाऱ्या धातूच्या जोडणीस ट्रक म्हणतात. साध्या ट्रकमध्ये फळी कलली की आस वळतो, एवढीच योजना असते. सर्फस्केटच्या पुढच्या ट्रकमध्ये बहुधा याखेरीज एक झुलणारी भुजा असते व स्प्रिंग तिला मध्यावर परत आणते. काही प्रकारांत स्प्रिंग नसते. मागचा ट्रक तुलनेने ताठ असून तो वळणाचा टेकू ठरतो. फळीची लांबी सामान्यतः ७५ ते ८५ सेंमी. असते. चाके ६५ ते ७० मिमी. व्यासाची व मऊ असल्याने किरकोळ खडबडीतपणा ती पचवितात.

जमिनीला पाय न लावता वेग कोठून येतो, हे नवशिक्याला कोडेच वाटते. उभ्याने झोका घेणारे मूल टोकाशी खाली बसते व झोका तळाशी आला की उठते. येथेही तत्त्व तेच आहे. स्वार गुडघे वाकवून वळणात शिरतो आणि वळत असताना उठतो. त्या वेळी शरीर आतल्या बाजूस कललेले असल्यामुळे उठताना त्याचा गुरुत्वमध्य वळणाच्या केंद्राकडे सरकतो. हे कार्य त्याच्या स्नायूंनी केलेले असते व ते गतीच्या रूपाने परत मिळते. शिवाय फळीला बाजूस दिलेल्या रेट्याची प्रतिक्रिया पुढच्या तिरप्या झालेल्या आसावर लागते व तिचा काही अंश फळीला पुढे ढकलतो. पाय नुसते भराभर डावीकडे-उजवीकडे हलविल्याने फळी वळवळते, पण पुढे जात नाही. बहुतेकांचा पहिला दिवस या वळवळीतच जातो.

शिक्षणाचा आरंभ हिरवळीवर किंवा जाड सतरंजीवर करणे इष्ट असते, कारण तेथे चाके फिरत नाहीत व पुढच्या ट्रकच्या झुकण्याची सवय होते. डावा पाय पुढे ठेवावा की उजवा, हे गुळगुळीत फरशीवर धावत येऊन घसरताना कोणता पाय आपोआप पुढे जातो यावरून ठरते. दोहोंपैकी कोणतीही ठेवण उणी नव्हे. पुढचे पाऊल पुढच्या ट्रकच्या खिळ्यांच्या किंचित मागे, मागचे पाऊल मागच्या ट्रकवर, दोन्ही फळीला आडवी ठेवतात. भार पुढच्या पायावर थोडा अधिक असावा. वाकावयाचे ते गुडघ्यांत, कमरेत नव्हे. त्यानंतर सपाट, कोरड्या, खडे झाडून काढलेल्या जागी हळू वेगाने एकेक वळण शिकावे. चवड्यांकडचे वळण लवकर जमते. टाचांकडच्या वळणात पाठ वळणाच्या आतल्या बाजूस येते, पुढचे दिसत नाही, आणि मन कचरते. येथे नजर निर्णायक ठरते. आधी डोळे, मग खांदे, मग कंबर व शेवटी फळी असा क्रम असतो. पायांकडे पाहणाऱ्याचे खांदे वळत नाहीत, आणि खांदे न वळल्यास फळीही अर्धवट वळून थांबते.

पडणे टळत नाही. म्हणून ते वळणांच्या आधीच शिकविणे शहाणपणाचे, जरी उत्साही विद्यार्थ्याला ते रुचत नसले तरी. तोल जाताच हात ताठ करून जमिनीवर टेकण्याची स्वाभाविक प्रवृत्ती असते, आणि मनगटाजवळील हाड मोडण्याचे ते नेहमीचे कारण आहे. खाली बसावे, हनुवटी छातीशी घ्यावी, कुशीवर लोळावे. हळू वेगात फळीवरून उतरून दोन-चार पावले धावावे. शिरस्त्राण, मनगटपट्ट्या व गुडघ्यांचे संरक्षक आवश्यक आहेत. उतारावर ही फळी मुळीच नेऊ नये. जो सैल ट्रक वळणाला उपकारक, तोच मोठ्या वेगात थरथरू लागतो व सावरता येत नाही.

सर्फिंगला या सरावाचा उपयोग किती, याविषयी अतिशयोक्तीने बोलले जाते. लाटेवर नवशिका काही सेकंदच उभा राहतो, उलट जमिनीवर एकच वळण तासाभरात शेकडो वेळा घेता येते. हा लाभ निःसंशय आहे. परंतु हातांनी वल्हवीत जाणे, लाट ओळखणे व फळीवर झटकन उभे राहणे या कठीण गोष्टी डांबरावर शिकता येत नाहीत. चुकीची ठेवणही तितक्याच वेळा घोटली जाते, हेही विसरता येत नाही.

टोकिओ येथील २०२१ मध्ये भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत सर्फिंग व स्केटबोर्डिंग या दोहोंचा प्रथमच समावेश झाला. सर्फस्केटिंगला तेथे स्थान नव्हते. त्याच वर्षी थायलंडमध्ये, विशेषतः बँकॉकसारख्या समुद्रकिनाऱ्यावर नसलेल्या शहरात, या खेळाची मोठी लाट आली. भारतात गोव्याच्या उत्तर भागातील किनाऱ्यांवर सर्फिंग शिकविले जाते. पावसाळ्यात समुद्र खवळल्यावर नवशिक्यांना पाण्यात उतरता येत नाही. त्या काळात ही फळी उपयोगी पडावी अशी अपेक्षा असते, पण ओल्या रस्त्यावर चाके घसरतात आणि पाणी शिरून त्यांचे बेअरिंग गंजते. सरावासाठी छपराखालची कोरडी फरशी शोधावी लागते.