परसबागेतील खरबूज : पाणी बेताचे, निगा नेमाची

उन्हाळ्याची चाहूल लागताच बीडच्या बाजारात टरबूज आणि खरबुजांचे ढीग दिसू लागतात. हे फळ आपल्याही अंगणात पिकवावे, अशी इच्छा अनेकांना होते. पण लगेच दुसरा विचार ती मागे सारतो. जेथे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे अशा रसाळ फळाची हौस परवडेल काय? प्रश्न रास्त आहे. २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या शहराची तहान भागविणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. आणि ते धरण बीड जिल्ह्यातच, केज तालुक्यातील धनेगावला आहे.

तरीही दोन-तीन आळ्यांपुरते या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देता येते. फळातील रसावरून वेलीच्या तहानेचा अंदाज बांधणे चुकीचे आहे. नवख्या माणसाची खरबुजाची वेल पाण्यावाचून वाया जाते त्याहून अधिक वेळा ती पाण्याच्या अतिरेकाने वाया जाते.

नदीपात्राने दिलेला धडा

गोदावरीसारख्या नद्यांचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळूत टरबूज-खरबूज घेण्याची रीत जुनी आहे. ओल लागेपर्यंत वाळू उकरायची, खड्ड्यात कुजलेले शेणखत घालायचे आणि त्यात बी टोकायचे. वेलीची मुळे खालच्या ओलीचा माग काढीत जातात. वरची वाळू मात्र कोरडी आणि उबदार राहते. पाने व फळे या कोरड्या वाळूवर पसरतात, त्यामुळे कुजण्याचे भय कमी असते. मुळाशी ओल, वर कोरडे आणि भरपूर ऊन, हेच या पिकाचे सूत्र आहे. आपण नेमके याच्या उलट करतो. चिकण काळ्या मातीत बी लावतो आणि रोज सायंकाळी झारीने पानांवर पाणी शिंपडतो. मग मुळे कुजतात, पानांवर रोग येतो आणि दोष बियाण्याला दिला जातो.

आरंभ वाळकापासून

ज्यांनी यापूर्वी एकही वेल लावलेली नाही, त्यांनी पहिला हात वाळकावर बसवावा. मराठवाड्यातील शेतांत बाजरी-कपाशीच्या ओळींतून पावसाच्या पाण्यावर वाढणारे वाळूक हे खरबुजाचेच भावंड आहे. जूनमध्ये पहिले चांगले पाऊस झाल्यावर बी टोकले की बहुतेक काम पाऊसच करतो. कोवळे फळ मीठ-तिखट लावून खाता येते, त्याची कोशिंबीर होते. पिकलेल्या फळाला आंबटगोड चव येते. एखादे कडू निघते, म्हणून आधी टोकाची फोड चाखून पाहावी. वेल कशी पसरते, नर व मादी फूल कसे ओळखावे, कीड कोठे दडते, हे सारे पावसाळ्यातच समजले, तर उन्हाळी खरबूज अवघड वाटत नाही.

जागा, माती आणि पेरणी

खरबुजासाठी दिवसातून किमान सहा-सात तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. दीड-दोन फूट रुंद व तितकेच खोल आळे करावे. काळी माती असल्यास तिच्यात तिसरा हिस्सा वाळू आणि तितकेच चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. आळ्याचा मधला भाग थोडा उंच ठेवावा, म्हणजे खोडाशी पाणी साचत नाही. दोन आळ्यांत तीन-चार फुटांचे अंतर असावे. टरबुजाची वेल अधिक लांब जाते, तिला याहून जास्त जागा द्यावी.

बी उगवण्यासाठी जमिनीत ऊब लागते. म्हणून थंडीत घाई करू नये. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ सोयीचा. बी रात्रभर भिजवून इंचभर खोलीवर प्रत्येक आळ्यात तीन टोकावे आणि रोपे चार पानांची झाल्यावर एकच जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने छाटावीत. उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात.

वाण निवडताना घरगुती लागवडीस लहान फळाचा वाण बरा. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का जीत' हा लहान फळांचा खरबुजाचा वाण प्रसिद्ध आहे. टरबुजात 'शुगर बेबी' सर्वपरिचित आहे. संकरित वाणाच्या फळातील बी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू नये. त्यातून मूळ गुणांचे फळ येईलच असे नाही. जिल्ह्यात अंबाजोगाई येथे आणि गेवराई तालुक्यातील खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. शंका असल्यास तेथील तज्ज्ञांना विचारावे.

पाण्याचा हिशेब

रोपे लहान असताना एक दिवसाआड थोडे पाणी पुरते. वेल पसरू लागल्यावर मात्र अंतर वाढवावे आणि पाणी एकाच वेळी पोटभर द्यावे. फुले-फळे धरण्याच्या काळात दर तिसऱ्या दिवशी एका आळ्याला एक बादली, म्हणजे सुमारे १५ लिटर पाणी साधारणपणे पुरते. तीन आळ्यांचा हिशेब सरासरी दिवसाला १५ लिटर होतो. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यातून यातील मोठा वाटा निघतो. साबणाचे पाणी मात्र वापरू नये. आळ्यात एक साधे भाजलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवले, तर ते हळूहळू झिरपून मुळांशी पोहोचते. जमिनीवर उसाचे पाचट अंथरावे. ओल टिकते आणि फळे मातीला टेकत नाहीत. गच्चीवरील कुंड्या मात्र लवकर तापतात व उन्हाळ्यात रोज पाणी मागतात. टंचाईच्या वर्षी कुंडीचा हट्ट धरू नये.

फुले येतात, फळ धरत नाही

हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न. आरंभी येणारी फुले नर असतात; ती गळणारच. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, बहुधा बाजूच्या फांद्यांवर, पाकळ्यांखाली बारीक फळासारखी गाठ असलेली फळधारी फुले येतात. म्हणून वेलीला चार-पाच पाने झाली की मुख्य शेंडा खुडावा. बाजूच्या फांद्या लवकर फुटतात. परागीभवनाचे काम मधमाश्या सकाळी करतात. शहरात त्या कमी दिसतात. तेव्हा सकाळी नऊच्या आत ताजे नर फूल तोडून, पाकळ्या दूर करून, त्यातील पराग गाठ असलेल्या फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक फवारल्यास मधमाश्याच मरतात आणि मग कोणतेही खत फळ देऊ शकत नाही.

गोडी आणि तोडणी

एका खरबुजाच्या वेलीवर तीन-चार, टरबुजाच्या वेलीवर दोनच फळे ठेवावीत. लहान फळे कागदी किंवा पातळ कापडी पिशवीत बांधल्यास फळमाशी अंडी घालू शकत नाही. डागी फळे वेलीखाली पडू देऊ नयेत. ती खोल पुरावीत.

फळ पूर्ण पोसल्यावर, तोडणीच्या आधीचा आठवडाभर पाणी निम्म्यावर आणावे. या काळात भरपूर पाणी दिले तर फळ तडकते किंवा बेचव होते. खरबूज पिकले की सुगंध सुटतो आणि देठाच्या जोडाशी चीर पडते. टरबुजाच्या देठाजवळील तणावा सुकतो आणि जमिनीला टेकलेला पांढरा भाग पिवळसर होतो. कच्चे फळ तोडून घरात ठेवल्यास खरबूज मऊ होते, टरबूज तसेच राहते. साखर मात्र दोहोंतही वाढत नाही. ती वेलीवरच भरावी लागते.

पेरणीपासून सुमारे तीन महिन्यांत पहिले फळ हाती येते. पहिल्या वर्षी ते एखादेच असले तरी निराश होऊ नये. पाणी मोजून देण्याची सवय या तीन महिन्यांत घराला लागते, आणि बीडसारख्या जिल्ह्यात ती सवय फळाइतकीच मोलाची आहे.