रस्ता चालू ठेवून रस्ता बांधणे

वाहतूक बंद करून जुना मार्ग पाडणे व नवा बांधणे हे त्या मानाने सोपे काम आहे. परंतु ज्या मार्गावर एका महानगराचे दैनंदिन जीवन अवलंबून आहे, तो चालू ठेवून त्याच जागी दुसरा उभारावयाचा, यात स्थापत्यशास्त्राचा खरा कस लागतो. अमेरिकेतील बॉस्टन शहराने हे कसे साधले, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

बॉस्टनच्या मध्यभागातून जाणारा सहापदरी उन्नत मार्ग १९५९ मध्ये खुला झाला. त्यासाठी सुमारे २०,००० लोकांना घरे सोडावी लागली, आणि नॉर्थ एंडसारखी जुनी वस्ती उर्वरित शहरापासून तुटली. दररोज ७५,००० वाहने पेलू शकणाऱ्या या मार्गावरून १९९० च्या सुमारास दोन लाखांच्या आसपास वाहने जाऊ लागली. तेव्हा या मार्गाच्या बरोबर खाली बोगदा खणण्याचे ठरले, आणि १९९१ मध्ये कामास प्रारंभ झाला.

अडचण अशी, की जेथे खणावयाचे तेथेच जुन्या मार्गाचे खांब रोवलेले होते. शिवाय बरीचशी जमीन भरावाची; खोल चर खणताच कडा ढासळावयाच्या. म्हणून माती काढता काढता चरांत बेंटोनाइट या चिकणमातीचे दाट द्रावण भरण्यात आले. त्याच्या दाबाने कडा सावरल्या. मग पोलादी तुळया सोडून तळापासून काँक्रीट भरत आणले. जड काँक्रीटने द्रावण वर लोटले व ते काढून घेण्यात आले. अशा रीतीने, काही ठिकाणी सुमारे १२० फूट खोल, भिंती सिद्ध झाल्या. त्यांवर आडव्या तुळया टाकून जुन्या मार्गाचा भार तोलून धरला, आणि मगच जुने पाये कापले. वर वाहने धावत होती, खाली माती उपसली जात होती. पुढे याच भिंती बोगद्याच्या कायमच्या भिंती झाल्या. २००३ मध्ये बोगद्यातून वाहतूक सुरू झाली, उन्नत मार्ग पाडण्यात आला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर उद्यानांची रांग उभी राहिली.

तथापि, या कथेस दुसरी बाजू आहे. चौदा अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झालेल्या या प्रकल्पाच्या एका जोडबोगद्यात १० जुलै २००६ रोजी छताचे काँक्रीटचे तक्ते एका मोटारीवर कोसळले व एक महिला मृत्युमुखी पडली. हे छत टांगणारे बोल्ट ज्या रासायनिक चिकटद्रव्याने बसविले होते, ते सततच्या भाराखाली हळूहळू सरकणारे होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. प्रकल्पातील काही बोल्ट सरकल्याचे १९९९ मध्येच दिसले होते. परंतु त्याचे मूळ कारण शोधले गेले नाही.

प्रचंड भिंतींनी अखंड शहराचा भार पेलला. घात केला तो बोल्टभोवतीच्या चिमूटभर चिकटद्रव्याने. उद्घाटनाने बांधकाम संपते, बांधणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. उद्या अभियंते होऊ इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी बॉस्टनच्या भिंतींइतकाच त्या बोल्टचाही अभ्यास करावा.