जुनी जीप-पिकअप पुन्हा कामाला लावताना

सुगीचे दिवस आले की डोंगराकडेच्या गावांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. खाचरातले भात खळ्यावर आणि खळ्यावरची पोती डांबरी सडकेपर्यंत आणावयाची कशी? बैलजोड्या कमी झाल्या आहेत, ट्रॅक्टर प्रत्येकाच्या दारी नाही, आणि चारही चाकांना ओढ असलेली नवी गाडी घेणे पुष्कळांच्या आवाक्याबाहेरचे आहे. अशा वेळी गोठ्याशेजारी पत्र्याखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी जीप-पिकअप आठवते. ही गाडी घरच्या घरी दुरुस्त करून कामाला लावता येते काय, हा प्रश्न शेतकरी बंधु-भगिनींकडून वारंवार विचारला जातो. लावता येते, असेच त्याचे उत्तर आहे. परंतु कामाचा क्रम चुकता कामा नये. हा क्रम कोणता, हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेख आहे.

जीपचे आणि आपल्या खेड्यांचे नाते जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेतील विलीज व फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत या गाड्यांची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि विकासगटाच्या कचेरीपुढे उभी असलेली जीप हे ग्रामीण भागातील नेहमीचे दृश्य झाले. त्याच घराण्यातल्या पिकअप गाड्या पुढे शेतकऱ्यांच्या दारी आल्या. साधी रचना, जाड पत्रा आणि हाताने उघडता येणारा प्रत्येक भाग यांमुळे त्या आजही दुरुस्तीयोग्य राहिल्या आहेत.

एक घडलेली गोष्ट

प्रस्तुत लेखकाच्या घरी अशी एक डिझेल पिकअप सहा वर्षे पडून होती. धाकट्या बंधूच्या मदतीने ती चालू करावयाचे ठरले, आणि बहुतेक सर्व जण करतात तेच आम्ही केले. प्रथम इंजिन हाती घेतले. पंधरा दिवसांच्या खटपटीनंतर इंजिन धडधडू लागले, तेव्हा घरातल्या सर्वांना गाडी जिवंत झाल्याचा आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात गाडी ओढ्याकडच्या उतारावर नेली. पहिल्या वळणापाशी ब्रेकचा पायटा दाबला तो थेट तळाला टेकला. हातब्रेकची तार गंजून केव्हाच तुटली होती. गाडी खाचराच्या बांधावर आदळून थांबली. शेजारी चौदा वर्षांचा पुतण्या बसलेला होता. कोणास इजा झाली नाही, हे केवळ त्या बांधाचे उपकार होत. चूक नशिबाची नव्हती. जी गाडी थांबवता येत नाही ती आम्ही चालवावयास काढली होती. त्या दिवसापासून आमच्या कामाचा क्रम बदलला. प्रथम कागद, मग सांगाडा, मग ब्रेक व सुकाणू, आणि त्यानंतर इंजिन.

प्रथम कागद

पाना हाती घेण्यापूर्वी नोंदणीपुस्तिका हाती घ्यावी. चेसिसवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक पुस्तिकेतील क्रमांकांशी ताडून पाहावा. क्रमांक गंजून नाहीसा झाला असेल किंवा जुळत नसेल, तर एक रुपयाही खर्च न करता आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. खाजगी वापराच्या वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. मालवाहू म्हणून नोंदलेल्या जुन्या गाडीस दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. विमा आणि धूर-तपासणीचे प्रमाणपत्रही आवश्यक आहे. कागद पुरे होण्याजोगे नसतील, तर उत्तम दुरुस्त केलेली गाडीही सडकेवर आणता येणार नाही आणि घातलेला पैसा वाया जाईल.

सांगाड्याची परीक्षा

गाडीचा सर्व भार चेसिसच्या दोन लांब लोखंडी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे यांवर असतो. इंजिन बदलता येते, पत्रा नवा बसविता येतो. परंतु सांगाडा कुजला असेल तर गाडी मोडीत देणेच शहाणपणाचे. चिखल साचून राहतो त्या जागा, म्हणजे कमानींचे पट्टे जेथे अडकविलेले असतात ते आधार, मागील चाकांच्या वरचा भाग आणि आडव्या दांड्यांचे सांधे, धुऊन कोरड्या कराव्यात. मग लहान हातोडीने ठोकून पाहावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते. गंजाने पोखरलेले बद्द आवाज देते, आणि पेचकसाचे टोक त्यात रुतते. समोरासमोरच्या कोपऱ्यांतील तिरकी अंतरे दोन्ही बाजूंनी दोरीने मोजावीत. ती सारखी नसतील, तर सांगाडा केव्हातरी अपघातात वाकलेला आहे असे समजावे.

थोडी झीज असेल तर अनुभवी कारागिराकडून जोडकाम करून घ्यावे. तुळईवर ठिगळ लावताना त्याच्या कडा सरळ उभ्या न ठेवता तिरक्या ठेवाव्यात. उभ्या सांध्याजवळ ताण एके ठिकाणी एकवटतो आणि तेथेच पुन्हा तडा जातो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. इंधनाची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, यास्तव टाकी उतरवून दूर ठेवावी. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. मजबूत लोखंडी घोड्या किंवा जाड लाकडी ओंडके लावूनच खाली शिरावे.

थांबण्याची व्यवस्था

या गाड्यांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे नळ्या आतून गंजतात. शिवाय लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पायटा मऊ पडतो. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीतील तेल संपूर्ण काढून टाकावे. चारही चाकांचे सिलिंडर उघडून रबरे बदलावीत. गंजलेल्या नळ्या व तडकलेल्या रबरी नळ्या नव्या घालाव्यात. ब्रेकसाठी साधी तांब्याची नळी वापरू नये. भांड्याच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच तेल भरावे. इंजिनाचे तेल त्यात चुकूनही घालू नये, कारण त्याने रबरे फुगून निकामी होतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून नळ्यांतील हवा काढावी. नंतर पायटा अर्धा मिनिट जोराने दाबून धरावा. तो हळूहळू खाली जात असेल तर कोठेतरी गळती आहेच.

जुन्या ब्रेक-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ती फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

पुष्कळ जुन्या जीपगाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असतो. एका चाकाकडे गळती झाली की चारही ब्रेक जातात. आमच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. पुढील व मागील चाकांस स्वतंत्र मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर जाणकार कारागिराकडून बसवून घेता आला, तर सर्व फेरफारांत तो पहिल्या मानाचा समजावा. सुकाणूचे सांधे, चाकांची छर्रे-बेअरिंगे आणि हातब्रेक यांची तपासणीही याच वेळी उरकावी.

इंजिन व चारही चाकांची ओढ

दीर्घकाळ बंद असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवू नये. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, एक दिवस मुरू द्यावे, आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. टाकीतील जुने डिझेल काढून टाकी धुवावी. सर्व गाळण्या, पट्टे आणि पाण्याच्या रबरी नळ्या नव्या घालाव्यात. पंप व नोझल यांचे काम मात्र घरी करू नये. त्यासाठी यंत्रावर तपासणी करणाऱ्या दुकानातच जावे. काढलेले जळके तेल विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये. डब्यात साठवून ते जमा करणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्यास द्यावे.

चारही चाकांची ओढ ही या गाडीची खरी शक्ती होय. तिचा हलका गिअर घातला असता चाकांवरील जोर सुमारे अडीचपट होतो व वेग त्याच प्रमाणात कमी होतो. परंतु ही ओढ चिखल, वाळू आणि भुसभुशीत जमीन यांसाठीच आहे. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. मऊ जमिनीवर चाक किंचित घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरी सडकेवर तसे होत नाही, आणि सर्व ताण शाफ्ट व दातेरी चक्रांवर येऊन ती मोडतात. सडकेवर येताच ही ओढ काढून टाकावी. दांडा अडकून बसला तर गाडी थोडी मागे घ्यावी, म्हणजे ताण सैल होऊन तो सुटतो.

फेरफार कोणते करावेत

फेरफार करण्यापूर्वी एका वहीत तीन रकाने आखावेत: आवश्यक, उपयुक्त आणि हौस. पहिला रकाना पुरा झाल्यावाचून दुसऱ्याकडे, आणि दुसरा पुरा झाल्यावाचून तिसऱ्याकडे वळू नये. हौद्याला रेडऑक्साइडचा हात देणे, फाळक्याच्या बिजागऱ्या व साखळ्या बळकट करणे, दोर बांधण्यास कड्या लावणे आणि पुढेमागे ओढण्याचे मजबूत हूक बसविणे ही उपयुक्त कामे आहेत.

कमानीत एक पट्टा वाढविला की गाडीची क्षमता वाढली, असा समज सर्वत्र आढळतो. तो खोटा आहे. पट्टा वाढल्याने गाडी बसत नाही एवढेच. आस, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच राहतात. मोठे टायर लावल्यास थांबण्यास अधिक अंतर लागते आणि वेगदर्शक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो. गाडी उंच केल्यास बांधावरून तिरकी जाताना ती उलटण्याचा धोका वाढतो. १९४५ साली अमेरिकेत शेतीसाठी खास जीप विक्रीस आली व तिला नांगरही जोडण्यात आले. परंतु नांगरटीच्या संथ व जड कामात अखेर ट्रॅक्टरच सरस ठरला. जीपकडून वाहतुकीचेच काम घ्यावे.

कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ स्वरूपात मनाजोगता बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले आहे. इंजिन किंवा बांधणी बदलण्याचा विचार असल्यास परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती आहे की, आपल्या गावात अशा किती गाड्या उभ्या आहेत हे पाहावे आणि जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार व डिझेल विभागाच्या शिक्षकांचा सल्ला शेतकऱ्यांस मिळवून द्यावा. सुगीपूर्वी एक दिवस केवळ ब्रेक-तपासणीसाठी ठेवला, तरी मोठे काम होईल.

आमची गाडी आता भात, खत आणि चारा वाहते. ज्या गिअरमध्ये ती चढ चढते त्याच गिअरमध्ये उतार उतरते, आणि हौद्यात माणसे बसविली जात नाहीत. तिला अद्याप नवा रंग दिलेला नाही. वहीतील तो रकाना यंदाच्या सुगीनंतर पाहू. पुतण्या आता तिचे तेलपाणी स्वतः पाहतो, आणि गाडी काढण्यापूर्वी प्रथम ब्रेकचा पायटा दाबून पाहतो.